मागणाऱ्यासाठी राखलेली देवडी : विंचेस्टरच्या सेंट क्रॉसला दिलेली भेट

इंग्लंडमधील विंचेस्टर शहराच्या दक्षिणेला, इचेन नदीकाठच्या पाणथळ कुरणांच्या टोकाशी ‘हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस’ नावाची एक फार जुनी संस्था आहे. पुण्याहून माझ्याकडे आलेल्या आईला मी तेथे जायचा बेत सांगितला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, सुट्टीच्या दिवशी इस्पितळ काय बघायचं?’’ तिचा प्रश्न रास्त होता. पण येथे रुग्ण नाहीत, खाटा नाहीत आणि औषधांचा वासही नाही. हॉस्पिटल हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिस ही सगळी त्याचीच भावंडे. मध्ययुगीन युरोपात हॉस्पिटल म्हणजे वाटसरू, निराधार, म्हातारेकोतारे आणि आजारी अशा सगळ्यांना आसरा देणारे धर्मादाय घर असे. आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, मराठी जिभेवर घोळून ‘इस्पितळ’ झाला आणि रुग्णांपुरता उरला. सेंट क्रॉसने मात्र त्याचा जुना अर्थ सोडलेला नाही. तेथे आजही सुमारे पंचवीस वृद्ध पुरुष राहतात, त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि तेथील दाराशी जाऊन जो कोणी मागेल त्याला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते.

या भेटीत अभ्यागताला काय मिळते, कसे मिळते आणि त्यासाठी लंडनहून तासाभराचा रेल्वेप्रवास करावा का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. येथील चर्च थोर आहे, अंगण सुंदर आहे, पण सगळ्यात मोलाची जागा आहे ती प्रवेशद्वार आणि त्याला लागून असलेली द्वारपालाची खोली, म्हणजे आपण वाड्याच्या किंवा किल्ल्याच्या बाबतीत जिला देवडी म्हणतो ती. बहुतेक लोक तेथे तिकीट काढतात आणि पुढे निघून जातात. तसे करू नये.

मी स्वतः एकदा ही जागा हुकवली आहे. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीच्या बसने मी विंचेस्टर, सॉल्झबरी आणि स्टोनहेंज असा एका दिवसाचा फेरफटका केला होता. छापील कार्यक्रमात सेंट क्रॉसचे नाव होते. प्रत्यक्षात बस रस्त्याकडेला पाच मिनिटे थांबली, मार्गदर्शकाने झाडांमागच्या बांधकामाकडे बोट दाखवून ‘जुना वृद्धाश्रम’ एवढेच सांगितले आणि आम्ही पुढे निघालो. पैसे परत मागितल्यावर ‘थांबा दिला होता’ असे उत्तर आले. म्हणून पहिली सूचना अशी की, तीन ठिकाणे एका दिवसात बसवणाऱ्या सहलीतून येथे येऊ नका. रेल्वेने या, शहरातून चालत या आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

चालत येण्याचा रस्ता हा या भेटीचाच भाग मानावा. कॅथीड्रल आणि विंचेस्टर कॉलेज मागे टाकले की नदीच्या काठाने पायवाट लागते. अंतर सुमारे दीड किलोमीटरचे आहे आणि वाट सपाट असल्यामुळे सत्तरी ओलांडलेली आईही सहज चालली. पाणी इतके नितळ की तळाचे शेवाळ मोजता यावे. १८१९ च्या सप्टेंबरात कवी कीट्स विंचेस्टरला मुक्कामी असताना याच कुरणांतून सेंट क्रॉसच्या दिशेने फिरायला येत असे. हे सांगितल्यावर आई म्हणाली, ‘‘बिचारा, फार लवकर गेला,’’ आणि थोडा वेळ आम्ही दोघी न बोलता चाललो. मग झाडांच्या वर प्रथम चर्चचा ठेंगणा, रुंद मनोरा दिसतो आणि त्यानंतर उंच धुराड्यांची एक लांबच लांब रांग.

गावाच्या बाजूने आत शिरताना पहिला दरवाजा अगदी साधा आहे. त्यातून आपण बाहेरच्या चौकात येतो. या चौकाच्या एका बाजूला ‘हंड्रेड मेन्स हॉल’, म्हणजे शंभर माणसांचे दालन, आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर व पूर्वी जेथे बिअर तयार होई ती जागा आहे. समोर खरा दरवाजा, त्यावरचा मनोरा आणि त्याच्या पोटात देवडी. ही मांडणी नीट पाहिली तर संस्थेचा सगळा इतिहास तिच्यात दिसतो. अन्न शिजवण्याची, पेय तयार करण्याची आणि पंगत बसवण्याची व्यवस्था आतल्या चौकात नाही, ती दाराबाहेर, आल्यागेल्याच्या हाताशी आहे. आपल्या वाड्यांत पहिल्या चौकात कारकून आणि पागा असत, मुदपाकखाना आतल्या अंगाला असे. येथे क्रम उलटा आहे, कारण जेवणारे बहुतेक लोक बाहेरचे होते.

संस्थापक होता विंचेस्टरचा बिशप हेन्री ऑफ ब्लॉय. इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम हा त्याचा आजोबा आणि पुढे राजा झालेला स्टीफन हा त्याचा थोरला भाऊ. ११२९ मध्ये तो बिशप झाला आणि ११३२ ते ११३६ या काळात त्याने ही संस्था उभी केली. कामधंदा करण्याचे बळ न उरलेल्या तेरा गरीब पुरुषांना कायमचा आसरा द्यायचा आणि शिवाय रोज शंभर गरिबांना दाराशी जेवू घालायचे, असा मूळ संकल्प होता. याविषयी एक कथा सांगितली जाते. बिशप कुरणातून फिरत असताना कडेवर मूल घेतलेली एक गवळण त्याला भेटली आणि यादवी युद्धामुळे लोक उपाशी मरत आहेत, काहीतरी करा, असे तिने विनवले. कथा गोड आहे, पण स्टीफन आणि त्याची मामेबहीण मटिल्डा यांच्यातली ती यादवी स्टीफन राजा झाल्यानंतर काही वर्षांनी पेटली आणि विंचेस्टर शहर त्यात होरपळले ते ११४१ मध्ये. त्यामुळे स्थापनेच्या वर्षांशी ती नीट जुळत नाही. तरीही मला ती कथा टाकावीशी वाटत नाही. एवढ्या मोठ्या घराण्यातल्या माणसाने आपण होऊन दान केले असे न म्हणता, एका बाईने वाटेत अडवून मागितले म्हणून त्याने दिले, असे लोकांनी सांगत राहावे, हे या जागेच्या स्वभावाला धरून आहे.

आता देवडीकडे वळू. या प्रवेशद्वाराला ‘बोफर्ट टॉवर’ म्हणतात, कारण ते पंधराव्या शतकाच्या मध्याला कार्डिनल हेन्री बोफर्ट याच्या देणगीतून उभे राहिले. बोफर्ट हा जॉन ऑफ गॉण्टचा मुलगा, म्हणजे राजघराण्याच्या अगदी जवळचा, त्या काळातल्या इंग्लंडमधला अतिशय धनाढ्य धर्मगुरू. १४४५ च्या सुमारास त्याने जुन्या संस्थेला एक नवी शाखा जोडली आणि तिला ‘नोबल पॉव्हर्टी’ असे नाव दिले. पूर्वी बरे दिवस पाहिलेले आणि नंतर परिस्थितीने खालावलेले लोक तिच्यात घ्यायचे होते. आपण ‘घरंदाज, पण दिवस फिरले’ असे ज्यांच्याविषयी म्हणतो, तेच हे लोक. १४४७ मध्ये बोफर्ट वारला आणि पुढे राजसत्ता त्याच्या घराण्याच्या विरोधकांकडे गेल्यावर या शाखेचे उत्पन्न बुडाले. नंतर ती लहान प्रमाणात पुन्हा उभी करण्यात आली. पण त्याने बांधलेला मनोरा आणि निवासस्थाने टिकली.

मनोरा तीन मजली, घडीव दगडाचा आहे. बाहेरच्या चौकात उभे राहून पाहिले की खाली रुंद, बसकी कमान, वर खिडक्या आणि मूर्तींसाठी केलेले तीन कोनाडे दिसतात. त्यांपैकी एका कोनाड्यात स्वतः कार्डिनल गुडघे टेकून बसलेला आहे. या गुडघे टेकण्याकडे मी बराच वेळ पाहत राहिले. पैसे देणाऱ्याने आपली मूर्ती दारावर बसवणे यात नवल नाही. आपल्याकडेही जीर्णोद्धार करणाऱ्याचे नाव पायरीवर कोरलेले असते. पण येथे दाता मागणाऱ्याच्या मुद्रेत आहे आणि त्याच्या बरोबर खाली, सहा-सात मीटरवर, वाटसरू येऊन भाकरी मागतो. शिल्पकाराच्या मनात हे साम्य होते असे मी म्हणणार नाही; त्या काळात दात्यांच्या मूर्ती अशाच घडवत. तरी खाली उभ्या असलेल्याला ते दिसतेच.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या मनोऱ्यातला फरक चटकन जाणवेल. दिल्ली दरवाजाची दारे हत्तीच्या धडकेचा विचार करून केलेली आहेत, त्यांवर टोकदार खिळे आहेत, दोन्ही बाजूंना भक्कम बुरूज आहेत आणि वर नगारखाना आहे. बोफर्टचा मनोराही पाहणाऱ्यावर वजन पाडण्यासाठीच बांधलेला आहे, परंतु त्यात युद्धाची भाषा नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जी शैली रूढ होती तिच्यात उभ्या रेषांवर भर असे, भिंतीपेक्षा खिडकीला मान असे आणि कमान टोकदार न राहता खांद्यात रुंद व माथ्याशी चपटी होई. तीच कमान येथे आहे. तिच्याखालून जाताना वर पाहावे. बोळाच्या छताला दगडी फासळ्यांचे जाळे आहे आणि त्या सावलीत उन्हाळ्याच्या दुपारीही गारवा असतो. संस्थेच्या प्रमुखाला ‘मास्टर’ म्हणतात. पूर्वी त्याचे निवासस्थान या दरवाजाला लागूनच होते. म्हणजे खाली द्वारपाल आणि त्याच्या शेजारी मुख्याधिकारी, अशी रचना. दाराशी कोण आले आणि त्याला कसे वागवले, हे मास्टरच्या कानावर जात नसेल असे म्हणायला जागा राहत नाही. पुढे याच मास्टर लोकांविषयी जे सांगायचे आहे, ते वाचताना हे लक्षात ठेवावे.

आत शिरण्याआधी मी आईला सांगितले की, येथे वाटसरूचा शिधा मिळतो, त्याला ‘वेफेरर्स डोल’ म्हणतात, पण तो आपणहून कोणी देत नाही. मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. आई थबकली. ‘‘आपण काय उपाशी आहोत का? मागायचं कसं?’’ असे ती म्हणाली, आणि मग तिने मला पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शिकायला पुण्यात आले तेव्हा वार लावून जेवले होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ते म्हणत की पान वाढले जाण्याआधीच, उंबऱ्याशीच, घर कळते. कोणी ‘या’ म्हणते, कोणी नुसती मान हलवते आणि कोणी आत वळून ‘तो आला आहे’ असे सांगते. आईला तो ‘तो’ आयुष्यभर बोचत होता.

देवडीच्या खिडकीशी शेवटी तीच गेली. तिने इंग्रजीत शब्द जुळवून ‘डोल, प्लीज’ एवढेच म्हटले. खिडकीमागच्या गृहस्थांनी कोठून आलात, कोण आहात, काही विचारले नाही. त्यांनी ‘अवश्य’ म्हणून वळून एक लहान लाकडी तबक आणले. त्यावर पांढऱ्या पावाचा, सुपारीच्या खांडापेक्षा थोडा मोठा असा चौकोनी तुकडा होता आणि शेजारी शिंगाचा पेला. पेल्याच्या काठाला चांदीची पट्टी होती. शिंग इतके पातळ घासलेले की उजेडाकडे धरल्यावर मधाच्या रंगाचे दिसे. आत दोन घोटांएवढी बिअर. आई बिअर घेत नाही हे मी सांगितल्यावर त्यांनी तबक तसेच तिच्यापुढे धरून ठेवले, तिने पाव उचलला, आणि पेला माझ्या हाती आला. आईने नकळत पाव कपाळाला लावला. मग हळूच मला विचारले, ‘‘किती द्यायचे?’’ मराठी न कळताही त्या गृहस्थांना प्रश्न कळला आणि त्यांनी मान हलवून ‘काही नाही’ असे सांगितले. पाव किंचित कोरडा होता, बिअर सौम्य. चवीसाठी कोणी येथे येणार नाही आणि तसे कोणी सांगतही नाही. परंतु एवढ्या वर्षांत मी अनेक ठिकाणी पैसे देऊन जी सेवा घेतली, तिच्यात असे निर्विकार, बरोबरीचे देणे मला क्वचित भेटले आहे.

या देण्याचे वैशिष्ट्य असे की ते सगळ्यांना सारखे आहे. १८४८ मध्ये अमेरिकन विचारवंत इमर्सन आणि त्याचा मित्र कार्लाइल स्टोनहेंज पाहून परतताना येथे थांबले आणि त्यांनीही दाराशी पाव आणि बिअर मागून घेतली. त्या दोघांना भुकेची चिंता नव्हती, जशी आम्हाला नव्हती. मग हा नुसता पर्यटकांचा खेळ झाला का, असा प्रश्न कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. खरोखर भुकेल्या माणसाला एवढ्या घासाने काही होत नाही हे मान्य. पण तो आला, तर त्याला जे मिळेल तेच आणि त्याच तबकात मलाही मिळते, आणि मला मिळण्यासाठी त्याच्याप्रमाणेच तोंड उघडून मागावे लागते. आईला जे अवघड गेले ते हेच होते, आणि म्हणूनच तिला ते करायला मिळाले याचे मला बरे वाटले.

देवडीच्या पलीकडचा इतिहास मात्र इतका निर्मळ नाही, आणि तेथे जाणाऱ्याने तो माहीत करून घेऊन जावे. चौदाव्या शतकात येथील मास्टरांनी संस्थेचे उत्पन्न स्वतःकडे वळवले, इमारती पडू दिल्या आणि शंभर गरिबांचे जेवण थांबवले. विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ विकम याने त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज देऊन ती घडी पुन्हा बसवली. त्याहून वाईट प्रकार पुढे घडला. १६९६ मध्ये एक दस्तऐवज तयार करण्यात आला आणि त्यात, ब्रदरांचा ठरलेला खर्च भागल्यावर उरलेले उत्पन्न मास्टरचे, अशी रूढी लेखी स्वरूपात पक्की करून घेण्यात आली. संस्थेच्या जमिनींचे मोल वाढत गेले, ब्रदरांचा वाटा तेवढाच राहिला आणि मास्टरपद हे एक दुभते पद बनले. १८०८ मध्ये बिशप ब्राउनलो नॉर्थ याने या पदावर स्वतःच्या मुलाची, फ्रान्सिस नॉर्थची, नेमणूक केली. हाच पुढे गिल्फर्डचा अर्ल झाला. त्याने चार दशकांहून अधिक काळ ते पद भोगले आणि अफाट रक्कम घरी नेली. अखेर प्रकरण न्यायालयात गेले आणि १८५३ मध्ये न्यायाधीश सर जॉन रोमिली यांनी १६९६ च्या त्या दस्तऐवजाची अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. दोन वर्षांनी अर्लने पद सोडले.

इमर्सन आणि कार्लाइल यांनी दाराशी पाव मागितला तो याच अर्लच्या कारकिर्दीत. म्हणजे धर्मादाय पैसा मास्टरच्या घरी जात होता त्याच काळात खाली वाटसरूच्या हातात ठरलेला घास पडत होता. मी हे अर्लच्या बाजूने लिहीत नाही. दाराशी दोन घोट देऊन आतले सगळे झाकता येते, हेही त्यातून दिसते. पण जे थोडे उरले होते ते दाराशी उरले होते. आपल्याकडची देवस्थाने, धर्मादाय रुग्णालये आणि विश्वस्त संस्था यांचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना १६९६ चा तो कागद परका वाटणार नाही. जमिनीचे उत्पन्न वाढते, लाभार्थ्यांचा आकडा मात्र जुन्या वहीतलाच राहतो.

मनोऱ्याच्या बोळातून बाहेर पडले की आतला चौक उघडतो आणि डोळे निवतात. मध्ये हिरवळ, डाव्या हाताला ट्यूडर राजांच्या काळातली लाकडी चौकटीची लांब पडवी आणि तिच्या टोकाला चर्च, उजव्या हाताला ब्रदरांच्या घरांची दोन मजली रांग. दुरून दिसलेली धुराडी याच घरांची. प्रत्येक जिन्याला चार घरे, दोन खाली आणि दोन वर, अशी मांडणी आहे. पंधराव्या शतकात गरीब म्हाताऱ्यांना एकाच मोठ्या दालनात रांगेने न झोपवता प्रत्येकाला स्वतःचे दार आणि स्वतःची चूल देणे, ही मला या वास्तूतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. त्या उंच धुराड्यांकडे पाहताना एकेक धुराडे म्हणजे एकेका माणसाचा स्वतंत्र संसार, हे मनात येते. ब्रदर आजही तेथेच राहतात. साठीपुढचे, अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित पुरुष येथे घेतले जातात; त्यांनी झगा घालावा आणि सकाळच्या प्रार्थनेला यावे एवढी अपेक्षा असते. मूळ शाखेचे झगे काळे, छातीवर रुपेरी क्रूस असलेले. बोफर्टच्या शाखेचे गडद लाल, कार्डिनलच्या टोपीचे चिन्ह असलेले. आम्ही गेलो तेव्हा एक काळ्या झग्यातले आजोबा झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी मान लववली, आईने नमस्कार केला.

येथे एक विनंती करते. ही लोकांची घरे आहेत. खिडकीतून आत डोकावणे, दारासमोर उभे राहून फोटो काढणे हे करू नये. वाड्यात भाड्याने राहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

दरवाजाजवळच पायऱ्या चढून ब्रदरांच्या जुन्या भोजनगृहात जाता येते. लाकडी कमानींचे उंच छत, मध्यभागी जमिनीवर उघडी चूल आणि एका टोकाला सज्जा असे ते दालन आहे. चुलीच्या धुराने वासे काळवंडले असतील असे वाटून मी वर पाहिले आणि मान अवघडेपर्यंत पाहत राहिले. शेजारच्या स्वयंपाकघरात आईचा बराच वेळ गेला. भांडी कोणती, चूल कोठे, वाढपी कोठून जात असतील, याचा तिने मनाशी हिशेब मांडला.

चर्चविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बाराव्या शतकात बांधायला घेतलेले आणि शंभराहून अधिक वर्षे चाललेले हे काम आहे, त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेले की गोल कमानीची टोकदार कमान होताना दिसते. भिंती मीटरभराहून जाड आहेत आणि समुद्रापलीकडून आणलेल्या फ्रान्सच्या दगडाबरोबर स्थानिक गारगोटीही त्यांत वापरलेली आहे. मला त्यातली एकच गोष्ट देवडीशी जोडून सांगायची आहे. ट्यूडर पडवीच्या वरच्या मजल्यावर आजारी ब्रदरांची खोली होती आणि तिची एक खिडकी चर्चमध्ये उघडत असे, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यालाही प्रार्थना ऐकू यावी. एका टोकाला वाटसरूसाठी खिडकी आणि दुसऱ्या टोकाला आजाऱ्यासाठी खिडकी. जे हॉस्पिटल नाव येथे टिकून आहे, त्याचे दोन्ही अर्थ या दोन खिडक्यांत सापडतात. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांचे नातलग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, तेव्हा आपल्याकडेही ती दोन कामे दोन इमारतींत विभागून चाललेलीच असतात. येथे ती एका चौकात आहेत.

आता काही व्यावहारिक गोष्टी. प्रवेशाला माफक शुल्क आहे आणि ते देवडीतच भरायचे असते. पाव आणि बिअर या शुल्काच्या मोबदल्यात मिळते असा गैरसमज करून घेऊ नये. ती वेगळी, जुनी गोष्ट आहे. उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या वेळा वेगवेगळ्या असतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून निघण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्यावी. हंड्रेड मेन्स हॉलमध्ये हंगामात चहाची व्यवस्था असते. आम्ही चहा आणि केक घेतला. जेथे रोज शंभर गरीब जेवत त्याच दालनात बसून, हे आईला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटत होते. जमीन जुन्या दगडांची असल्याने सपाट तळव्याची, न घसरणारी पादत्राणे घालावीत. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांनी भोजनगृहाच्या पायऱ्या नाही चढल्या तरी चालेल. दरवाजा, चौक आणि चर्च यांसाठी चढउतार फारसा नाही. लहान मुलांना आणायला हरकत नाही, पण ही लोकांची घरे असल्यामुळे हिरवळीवर आरडाओरडा नको. मागच्या बाजूला तळे असलेली बाग आहे, तेथे त्यांना मोकळे सोडता येते.

ज्यांना केवळ भव्यता पाहायची आहे त्यांना विंचेस्टरचे कॅथीड्रल पुरेसे आहे. ज्यांना एखादी धर्मादाय संस्था उभी राहते, किडते आणि पुन्हा सावरते ती कशी, आणि तिच्या बांधणीत त्याची खूण कोठे राहते, हे पाहायचे आहे, त्यांनी येथे यावे. एकच लक्षात ठेवा. पाव आणि बिअर आत शिरतानाच मागा, परत येताना मागू असे म्हणून पुढे जाऊ नका; बागेत वेळ कसा गेला ते कळत नाही, आणि आमच्यामागून आलेले एक जोडपे बाहेर पडले तेव्हा देवडीची खिडकी लागलेली होती.